दुकानाचे यूआरएल बदलण्याआधी एका उत्पादनाला किती पत्ते आहेत ते मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं ऑनलाइन दुकान चार वर्षं चालू आहे, बाराशेच्या आसपास उत्पादनं आहेत आणि प्रत्येक उत्पादनाचं यूआरएल, म्हणजे पानाचा वेब-पत्ता, प्रश्नचिन्हं, आयडी आणि आकड्यांनी भरलेलं आहे. डेव्हलपर म्हणतो, एक एक्स्टेंशन (दुकानाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा तयार भाग) टाकलं की सगळे पत्ते नावाचे होतील आणि दुकान गुगलवर वर येईल. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हे कितपत खरं आहे, पत्त्यात वर्गाचं म्हणजे कॅटेगरीचं नाव घालायचं का, आणि या फेरफारात आज येणारी गिऱ्हाइकं तर जाणार नाहीत ना.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. पत्त्यातल्या शब्दांचा रँकिंगवर परिणाम होतो, पण तो फार हलका. पानाचं शीर्षक, पानावरचा मजकूर, त्या पानाकडे येणाऱ्या लिंका, यांच्यासमोर पत्त्यातले शब्द नगण्य आहेत. प्रश्नचिन्ह असलेला पत्ता गुगलला वाचता येत नाही, ही समजूतही आता सोडून द्या. तो व्यवस्थित वाचला जातो. शिवाय जानेवारी २०२५ पासून मोबाइलवरच्या निकालांत गुगल पत्त्याचा पुढचा भाग दाखवतच नाही, फक्त डोमेन म्हणजे साइटचं नाव दाखवतो. तेव्हा ‘पत्ता सुंदर केला की दुकान वर येईल’ या आशेवर पैसे घालू नका.

मग हे काम करायचंच नाही का? करायचं, पण कारण वेगळं. वाचता येईल असा पत्ता कुणी कुणाला पाठवला तर आत काय आहे ते उघडण्याआधी कळतं. तुमचे स्वतःचे अहवाल वाचताना ‘आयडी ४७’ म्हणजे नक्की कोणतं उत्पादन हे दर वेळी शोधावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पत्ते नीट लावायला बसलात की दुकानातला खरा घोळ समोर येतो. तो घोळ असा की एकाच उत्पादनाला अनेक पत्ते असतात, आणि त्यातला खरा कोणता हे सर्च इंजिनला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी कुठलंही दुकान हातात घेते तेव्हा आधी एकच उत्पादन निवडते आणि त्याचे पत्ते मोजते. समजा निळे कापडी बूट. (वाचायला सोपं जावं म्हणून इथे पत्ते देवनागरीत लिहिते आहे, प्रत्यक्षात रोमन अक्षरं धरा.) थेट उघडलं तर पत्ता असा:

/इंडेक्स.पीएचपी?राउट=प्रॉडक्ट&प्रॉडक्ट_आयडी=४७

‘बूट’ या वर्गातून गेलं तर मध्ये ‘पाथ=२०’ येतं. ‘बूट’च्या आतल्या ‘कापडी’ या उपवर्गातून गेलं तर ‘पाथ=२०_२७’. कंपनीच्या पानावरून गेलं तर तिचा आयडी चिकटतो. दुकानातल्या शोधपेटीतून गेलं तर शोधलेला शब्द चिकटतो. सवलतीच्या पानावरून गेलं तर आणखी काही. त्यातच डोमेन कधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह उघडतं, कधी त्याशिवाय, कधी एचटीटीपीवर, कधी एचटीटीपीएसवर, आणि मग यातला प्रत्येक पत्ता चार प्रकारांनी लिहिता येतो. आता यावर एक्स्टेंशन बसवलं की ‘/निळे-कापडी-बूट’ हा नवा पत्ता सुरू होतो, पण जुने बंद होतातच असं नाही. तेही तसेच उघडत राहतात, पान तेच. म्हणजे पत्ते कमी व्हायच्या ऐवजी एकाने वाढले. ‘एक्स्टेंशन टाकलं पण काहीच फरक पडला नाही’ असं सांगणारी दुकानं मी तपासली, तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच सापडलं.

म्हणून माझ्या मते तुमचा प्रश्न ‘पत्ते सुंदर कसे करू’ हा नसून ‘प्रत्येक उत्पादनाला एकच पत्ता कसा देऊ, आणि तो पुन्हा कधी बदलावा लागणार नाही अशी सोय कशी करू’ हा आहे. पुढचं सगळं याच अंगाने लिहिते.

आता काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण सरसकट सल्ला इथे घातक ठरतो. दुकान दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं असतं तर मी म्हटलं असतं, आजच सगळं बदला, गमावण्यासारखं काही नाही. चार वर्षांच्या दुकानाला बाहेरून लिंका आलेल्या असतात, लोकांनी पानं बुकमार्क केलेली असतात, काही पत्ते छापील पत्रकांवर किंवा क्यूआर कोडमध्ये गेलेले असतात. दुसरं, तुमचं सॉफ्टवेअर काय करू देतं? शॉपिफायवर ‘/प्रॉडक्ट्स/’ आणि ‘/कलेक्शन्स/’ हे भाग ठरलेले आहेत, ते काढता येत नाहीत, त्यामुळे त्यावर डोकं शिणवू नये. वूकॉमर्समध्ये बरंच काही सेटिंगमधून बदलता येतं, आणि म्हणूनच बरंच काही बिघडवताही येतं. तिसरं, आज तुमच्याकडे येणारी माणसं कुठून येतात? बहुतेक गिऱ्हाईक जाहिरातीतून किंवा थेट येत असेल तर हे काम तातडीचं नाही. सर्च कन्सोल (साइटच्या मालकांसाठी गुगलचं साधन) उघडून कोणत्या पानांवर शोधातून क्लिक येतात ते पाहा. बाराशे उत्पादनांतली ऐंशी-शंभरच पानं बहुतेक क्लिक आणताना दिसली तर नवल वाटू देऊ नका. त्या पानांना जपणं हे या कामातलं पहिलं कर्तव्य.

पत्ता कसा असावा याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उत्पादनाचं ओळखीचं नाव, तीन ते पाच शब्दांत, शब्दांमध्ये आडवी रेघ म्हणजे हायफन. अंडरस्कोअर नको, गुगलचीही शिफारस हायफनचीच आहे. सगळी अक्षरं लहान लिपीतली, कारण डोमेनच्या पुढच्या भागात मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं आणि त्यातून विनाकारण दोन पत्ते तयार होतात. शेवटी तिरकी रेघ ठेवायची की नाही हे एकदा ठरवा आणि दुसरा प्रकार पहिल्याकडे वळवा. कीवर्डची माळ ओवू नका. ‘स्वस्त-बूट-निळे-बूट-कापडी-बूट-ऑनलाइन’ असला पत्ता माणसाला संशयास्पद वाटतो आणि सर्च इंजिनला त्याचं काही कौतुक नाही.

यातली एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: जे बदलू शकतं ते पत्त्यात घालू नका. किंमत, सवलत, वर्ष, ‘नवीन’, ‘साठा संपत आला’, हंगामाचं नाव, वर्गाचं नाव. आज घातलेला प्रत्येक असा शब्द पुढे कधीतरी एक रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारा नियम, मागतो. पत्ता हे उत्पादनाचं वर्णन नव्हे, ती त्याची ओळख आहे. वर्णन पानावर करा, तिथे रोज बदला.

वर्गाचा प्रश्न यातच सुटतो. ‘/बूट/कापडी/निळे-कापडी-बूट’ असा पत्ता दिसायला नीटनेटका वाटतो, दुकानाची मांडणी त्यात दिसते. पण हेच बूट ‘प्रवासासाठी’ या वर्गातही असतील तर पत्ता कोणता? आणि दीड वर्षाने तुम्ही ‘कापडी’ आणि ‘कॅनव्हास’ हे वर्ग एकत्र केलेत तर त्याखालच्या दोनशे उत्पादनांचे पत्ते एका क्लिकने बदलतात. मी बाराशे उत्पादनांच्या दुकानाला उत्पादनाचा पत्ता सपाट ठेवायला सांगते, वर्गाविना. वर्गांच्या पानांना त्यांचे स्वतःचे छोटे पत्ते द्या. उत्पादन कोणत्या वर्गात बसतं हे सांगायला पानावरची ब्रेडक्रम्बची, म्हणजे ‘बूट > कापडी’ अशी वाट दाखवणारी ओळ आणि तिचा स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे तीच माहिती सर्च इंजिनसाठी कोडमध्ये, आहे, तेच त्याचं योग्य ठिकाण. काही सहकारी याउलट सांगतात, आणि मांडणी वर्षानुवर्षं न हलणाऱ्या मोठ्या दुकानात त्यांचं बरोबर असू शकतं, कारण पत्त्यावरून वर्गनिहाय अहवाल काढणं सोपं जातं. पण वर्ग न बदलणारं दुकान मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

आयडी पत्त्यातून पूर्ण काढायचा का, हेही अनेकजण विचारतात. ‘/निळे-कापडी-बूट-४७’ असा शेवटी आकडा राहिला तर काही बिघडत नाही. उलट सर्व्हर फक्त ४७ पाहून उत्पादन शोधत असेल तर नाव बदललं तरी पान सापडतं. पण इथे एक खड्डा आहे. सर्व्हर फक्त आकडा पाहतो म्हणजे ‘/काहीही-लिहा-४७’ हाही पत्ता उघडतो. स्वतः करून पाहा: नावाचा भाग खोडून दुसरं काहीतरी टाइप करा. पान तसंच उघडलं आणि वरचा पत्ता बदलला नाही, तर तुमच्या प्रत्येक उत्पादनाला अगणित पत्ते आहेत असं समजा. सर्व्हरने चुकीच्या नावाला कायमच्या रीडायरेक्टने बरोबर नावाकडे पाठवलं पाहिजे. एवढं जमलं तर आकड्याची पद्धत मला नुसत्या नावापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

दुकान मराठीत असेल तर पत्ता देवनागरीत ठेवावा का? सर्च इंजिनला देवनागरी समजते, तो अडथळा नाही. अडचण लांबीची आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांत लिहिला जातो. ‘पिशवी’ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं, संगणकाला वेलांट्या धरून पाच चिन्हं, आणि कॉपी करून पाठवलेल्या पत्त्यात ४५ अक्षरं. वर्डप्रेस आणि त्यावरचं वूकॉमर्स स्लगचं, म्हणजे पत्त्यातल्या नावाच्या भागाचं, हे लांबलेलं रूप साठवतं आणि त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम २२ देवनागरी चिन्हं. ‘निळी मोठी कापडी खांद्याची पिशवी’ असं नाव दिलंत तर स्लगमध्ये ‘निळी-मोठी-कापडी-खांद्याच’ एवढंच उरतं. वेलांटी गेली, आणि पिशवी हा मुख्य शब्दच गेला. म्हणून देवनागरी ठेवायची तर स्लग हाताने आखूड करा, नाहीतर रोमन लिपीत लिहा. दोन्ही चालतं, पण अर्धं दुकान एका लिपीत आणि अर्धं दुसऱ्या, असं करू नका.

आता फिल्टरकडे वळते, कारण उत्पादनांच्या पत्त्यांपेक्षा इथे जास्त नुकसान होतं आणि एक्स्टेंशन विकणारे याबद्दल बोलत नाहीत. एका वर्गात रंगाचे आठ आणि मापाचे सहा पर्याय आहेत असं धरा. प्रत्येकावर खूण करता येते किंवा नाही करता येत, म्हणजे १४ खुणांचे १६,३८४ संच. त्यावर स्वस्त आधी, महाग आधी, नवीन आधी, लोकप्रिय आधी असे मांडणीचे चार क्रम: ६५,५३६ पत्ते. एका वर्गाचे. रंग आधी निवडला की माप आधी यावरून पत्त्यातला क्रम बदलत असेल तर याहूनही जास्त. गुगलचं म्हणणं असं की क्रॉल बजेटची, म्हणजे गुगल एका साइटची किती पानं वाचेल या मर्यादेची, काळजी मुख्यतः लाखो पानांच्या किंवा रोज झपाट्याने बदलणाऱ्या साइटींनी करावी, आणि बाराशे पानांच्या दुकानाला ती नसावी. पण असे फिल्टर उघडे असतील तर तुमचं दुकान बाराशे पानांचं राहतच नाही.

हे अंदाजाने सांगत नाही. एका दुकानात तक्रार होती की नवीन टाकलेली उत्पादनं कित्येक आठवडे गुगलवर दिसत नाहीत. आम्ही सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कोणतं पान उघडून गेलं त्याच्या नोंदी, काढले आणि फक्त गुगलबॉटच्या, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गुगलच्या प्रोग्रॅमच्या, ओळी वेगळ्या केल्या. स्क्रीनवर ओळीमागून ओळ तीच: सॉर्ट बरोबर किंमत, ऑर्डर बरोबर उतरता, रंग अमुक, पान नऊ. पुन्हा तेच, पान दहा. पुन्हा तेच, ऑर्डर बरोबर चढता, पान एक. नव्या उत्पादनांच्या ओळी शोधाव्या लागत होत्या. बॉट दुकानात रोज येत होता, आणि त्याच त्या कपाटाची दारं उघडझाप करून परत जात होता.

यावर मी काय करते: आधी मालकाबरोबर बसून फिल्टरचे दोन भाग पाडते. ज्या संचाला लोक खरोखर शोधतात, उदाहरणार्थ ‘निळे कापडी बूट’, त्याला स्वतंत्र, नावाचा, कायमचा पत्ता, स्वतःचं शीर्षक आणि दोन ओळी मजकूर. असे संच सहसा दहा-वीसच निघतात. बाकी सगळे फिल्टर आणि सगळे मांडणीक्रम पॅरामीटरमध्येच, म्हणजे प्रश्नचिन्हामागच्या भागात, राहू द्या, त्यांना सुंदर करू नका. किंबहुना ‘/बूट/निळे/मोठे/स्वस्त-आधी/’ असे सुबक पत्ते बनवणारं एक्स्टेंशन मी बंद करते, कारण प्रश्नचिन्हामागचा भाग एका नियमाने ओळखता आणि अडवता येतो, तिरक्या रेघांत विरघळलेला नाही. मग त्या पॅरामीटरना रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्ये, म्हणजे कोणती पानं उघडू नयेत हे बॉटना सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवते. शून्य उत्पादनं निघणाऱ्या संचाला ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हे उत्तर, द्यायला लावते.

इथे एक क्रम चुकला की काम फसतं. रोबॉट्समध्ये अडवलेलं पान गुगल उघडतच नाही, त्यामुळे त्या पानावर लिहिलेलं कॅनॉनिकल (पानाचा खरा पत्ता सांगणारी ओळ) किंवा नोइंडेक्स (‘हे पान निकालांत दाखवू नका’ ही सूचना) त्याला दिसत नाही. अशी पानं आधीच इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या यादीत, शिरली असतील तर आधी नोइंडेक्स लावा, ती गळून पडू द्या, सर्च कन्सोलमध्ये खात्री करा आणि नंतर अडवा. दोन्ही एकदम लावणारे बरेच भेटतात, आणि मग ‘नोइंडेक्स चालत नाही’ अशी तक्रार करतात. सर्च कन्सोलमध्ये पूर्वी पॅरामीटर सांगायची एक वेगळी सोय होती, ती २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुने लेख वाचून ती शोधत बसू नका.

रंग-मापाच्या व्हेरिएंटबद्दल थोडक्यात: सगळ्या मापांचं एकच पान, माप पॅरामीटरमध्ये, कॅनॉनिकल मूळ पत्त्याकडे. रंगाला वेगळं पान तेव्हाच, जेव्हा लोक तो रंग नावाने शोधतात आणि त्याचे फोटो-मजकूर वेगळे आहेत. यादीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानांना प्रत्येकी स्वतःचा पत्ता असू द्या आणि त्यांचं कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवू नका, नाहीतर मागच्या पानांवरची उत्पादनं बॉटच्या नजरेतून सुटतात. पानाचा क्रमांक हॅशच्या चिन्हामागे ठेवणाऱ्या थीम असतात. हॅशमागचा भाग गुगल साधारणपणे विचारातच घेत नाही.

कॅनॉनिकल हा शब्द बऱ्याचदा आला, म्हणून एवढं सांगून पुढे जाते. पानाच्या कोडमध्ये ‘या पानाचा खरा पत्ता हा’ असं सांगणारी ती एक ओळ आहे. २००९ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने ती एकत्र स्वीकारली. ती विनंती आहे, हुकूम नव्हे. कॅनॉनिकल एक पत्ता सांगतं, साइटमॅपमध्ये (सर्च इंजिनला दिलेल्या पत्त्यांच्या यादीत) दुसरा आहे, आणि मेनूतल्या लिंका तिसऱ्याच पत्त्याकडे जातात, असं असेल तर गुगल स्वतःच्या मनाने निवडतो. या तिन्ही ठिकाणी एकच पत्ता हवा. एक्स्टेंशन टाकल्यावर दुकानातल्या बॅनरवर आणि जुन्या मजकुरात हाताने टाकलेल्या लिंका तशाच राहतात, त्या शोधून बदलाव्या लागतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. असलेली गिऱ्हाइकं जातील का? काम नीट झालं तर काही आठवडे आकडे वरखाली होतील आणि सावरतील. नीट झालं नाही तर जातील, आणि परत आणायला महिने लागतील.

मी सावरायला गेले त्यातलं एक दुकान अजून आठवतं. पत्ते बदलले होते आणि जुना पत्ता उघडला की थेट मुखपृष्ठ उघडायचं. करणाऱ्याचा हेतू चांगला होता, गिऱ्हाइकाला ‘पान सापडलं नाही’ असं दिसू नये. पण बुटांचा पत्ता उघडणाऱ्या माणसाला मुखपृष्ठ नको असतं, बूट हवे असतात. आणि गुगल अशा सरसकट मुखपृष्ठाकडे वळवलेल्या पत्त्यांना सॉफ्ट ४०४ समजतो, म्हणजे ते पान गेलं असंच धरतो. चार वर्षांत मिळवलेलं काहीच नव्या पत्त्यांकडे गेलं नाही. आम्हाला जुने पत्ते परत हवे होते तर त्यांची यादी कुणीच ठेवलेली नव्हती. होस्टिंगवर लॉग फक्त तीस दिवसांचे. शेवटी सर्च कन्सोलमधून, वेबॅक मशीनवरच्या जुन्या प्रतींतून आणि मालकिणीने गिऱ्हाइकांना पाठवलेल्या ईमेलमधून एकेक पत्ता गोळा केला. ती बाई रात्री जुने ईमेल चाळून मला लिंका पाठवायची. बदल करण्याआधी तासाभराचं काम केलं असतं तर तिची ती दोन महिन्यांची धावपळ वाचली असती.

ते तासाभराचं काम म्हणजे एक स्प्रेडशीट. पहिल्या रकान्यात जुना पत्ता, दुसऱ्यात नवा. जुने पत्ते चार ठिकाणांहून गोळा करा: डेटाबेस, सर्च कन्सोल, अ‍ॅनालिटिक्स आणि सर्व्हरचे लॉग. एकाच ठिकाणावर विसंबू नका. डेटाबेसमध्ये वर्गातून जाणारे ‘पाथ’वाले पत्ते नसतात आणि नेमक्या त्यांनाच बाहेरून लिंका आलेल्या असतात. प्रत्येक जुन्या पत्त्याला ३०१ म्हणजे कायमचं रीडायरेक्ट, त्याच उत्पादनाच्या नव्या पत्त्याकडे. बंद झालेल्या उत्पादनाला जवळचा पर्याय असेल तर त्याकडे वळवा, नसेल तर सरळ ४०४ किंवा ४१० (‘पान कायमचं काढलं’) द्या; ते प्रामाणिक उत्तर आहे. साठा तात्पुरता संपला असेल तर पान हलवू नका.

तुमचे पत्ते प्रश्नचिन्हाचे आहेत, म्हणून अपाचे सर्व्हर असेल तर दोन तांत्रिक गोष्टी डेव्हलपरला दाखवा. साधा ‘रीडायरेक्ट ३०१’ हा नियम प्रश्नचिन्हामागचा भाग पाहतच नाही. त्यासाठी रीराइटच्या नियमात क्वेरी स्ट्रिंगची अट लिहावी लागते. आणि तसा नियम लिहिला तरी जुना मागचा भाग नव्या पत्त्याला आपोआप चिकटतो, म्हणजे ‘/निळे-कापडी-बूट?प्रॉडक्ट_आयडी=४७’ असं काहीतरी उघडतं. ते टाळायला क्यूएसडी हा फ्लॅग द्यावा लागतो. या दोन गोष्टी माहीत नसल्याने अख्खी दुपार गेलेली माणसं मी पाहिली आहेत. वूकॉमर्सवर असाल तर एवढं लक्षात ठेवा की उत्पादनाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून स्वतः वळवतं, पण वर्गाचा स्लग बदलला तर तसं करत नाही. ते हाताने करावं लागतं.

रीडायरेक्टच्या साखळ्या होऊ देऊ नका. अ वरून ब, ब वरून क असं न करता अ आणि ब दोन्ही थेट क कडे. आणि ही रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा, ही गुगलचीही शिफारस आहे. मी तर कधीच काढत नाही, कारण ठेवायला काही खर्च नाही आणि छापील क्यूआर कोड एका वर्षात पुसला जात नाही.

सगळी बाराशे एकदम करू नका. चाळीस-पन्नास उत्पादनांचा, कमी क्लिकचा एक वर्ग निवडा, तिथे बदल करा, नवा साइटमॅप द्या आणि महिनाभर थांबा. सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पाच-दहा जुने आणि नवे पत्ते टाकून पाहा. गुगलने निवडलेलं कॅनॉनिकल तुमचं नवं पान असेल तर पुढे चला. जुनंच दाखवत असेल तर वर सांगितलेल्या तीन ठिकाणांपैकी कुठेतरी जुना पत्ता राहिला आहे. मोठ्या विक्रीच्या दिवसांच्या आधीचे दोन महिने या कामाला हात लावू नका, डेव्हलपर कितीही मोकळा असला तरी.

तुमच्या जागी असते तर एक्स्टेंशनचं ठरवण्याआधी एक उत्पादन घेऊन वर सांगितली तशी पत्त्यांची मोजणी केली असती, आणि होस्टिंगवाल्यांना आजपासून लॉग साठवायला सांगितले असते. मोजणीत दोनच पत्ते निघाले तर तुमचं दुकान आत्ताही बऱ्या स्थितीत आहे आणि तुमचे पैसे उत्पादनांच्या फोटो-मजकुरावर जास्त उपयोगी पडतील. दहा-बारा निघाले तर आधी कॅनॉनिकल आणि फिल्टर, नावाचे पत्ते त्यानंतर. जो आकडा निघेल तो, आणि तुमचं सॉफ्टवेअर कोणतं आहे ते कळवा, म्हणजे रीडायरेक्टचे नियम कसे लिहायचे ते नेमकं सांगता येईल.